शेवटच्या पानावरचा 'वा'

विमलबाईची अन् माही पहिली भेट भांडनानं झाली.

माही पोरगी गुड्डी तवा दोन वर्साची होती. तिच्या काळजाले छिद्र हाये असं वाशीमच्या डॉक्टरनं सांगतलं अन् आमी इंझोरीले वापस आलो. दुसऱ्या दिवशी मी पोरगी काखेत घेऊन गावच्या वाचनालयात गेली. सातवीत शाळा सुटली, तवापासून दुकानाच्या पाट्या सोडून मी काही वाचलं नव्हतं. बाई टेबलापाशी बसल्या होत्या. म्हटलं, "काळजाच्या रोगाचं पुस्तक द्या."

"कोनाले हाये?"

"हिले."

बाईनं गुड्डीकडं पाह्यलं. "मंग नाही देत."

मले राग आला. "काहून? वाचनालय तुमच्या बापाचं हाये का?"

"बापाचं नाही, सासऱ्याचं हाये," बाई म्हनल्या. "खोली त्याइनं देल्ली. बस. चहा घे. रोगाचं डॉक्टरले इचारजो. पुस्तकाले इचारशीन तर जे नाही तेबी तुले पोरीत दिसन."

अन् त्याइनं माह्या हातात एक पातळ पुस्तक देल्लं. धनगराच्या पोराची गोष्ट होती. मी ते तिसऱ्या दिवशी वापस नेलं. पोरगं पुरात सापडते, तिथंच मी ते मिटलं होतं.

"काहून आनलं?"

"पुढं वाचवत नाही."

बाईनं शेवटचं पान उघडून दाखवलं. खाली कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक 'वा' लिवलेला होता.

"तुमी वाचलं त्याची निशानी का?"

"साऱ्या गावाले तसंच वाटते," बाई हसल्या. "मी वाचलं म्हून नाही. पोरगं वाचते म्हून."

त्या दिवशी मी उभ्या उभ्या ते पुस्तक संपवलं.

बाईच्या वाचनाची गोष्ट मले हळूहळू समजली. पुस्तकं उन्हात टाकाले मी मदतीले जाऊ लागली, तवा बोलता बोलता सांगत. लग्न होऊन आल्या तवा त्याइले खुनाच्या कादंबऱ्या लागत. सासूबाई शेजारनीले म्हनत, "सून हातात इळा घेते अन् खुनाचं वाचते. मले बाई झोप लागत नाही." मंग रडक्या कादंबऱ्या आल्या. नवऱ्यानं शेवट सांगू नये म्हून शेवटच्या पानाइले दोरा बांधून ठेवत. मंग त्याइचा सहा वर्साचा लेक तापानं गेला. (हे या लेखात लिहू का म्हून मी बाईले इचारलं. "लिही," म्हनल्या.) त्याच्यानंतर कितीक वर्सं त्याइनं पुस्तक उघडलं नाही. भज्याचा कागद वाचत, दिनदर्शिकेच्या मांगचं वाचत.

"भज्याच्या कागदाले शेवट नसते," बाई म्हनल्या. "म्हून तो वाचवे."

पुन्हा पुस्तकं धरली ते शेवटाकडून. पहिले शेवटचं पान, मंग पहिलं. तवाच हे 'वा' सुरू झाले. आता पंच्याहत्तरीत त्याइले पाखराइची पुस्तकं लागतात, अन् लहान लेकराइची चित्राची. मी इचारलं, आवड अशी कशी बदलते? तर म्हनल्या, "जवानीत ठेचा खाल्ला, आता फोडनीचं वरन. तोंड तेच हाये वं, पोट बदललं."

वाचनालयाच्या सचिवाले हे 'वा' समजले तवा ते चिडले. "बाई, शेवट सांगतल्यावर पुस्तक कोन नेईन?" बाई म्हनल्या, "ज्याले भेव हाये तो नेईन." अन् भेव कोनाले नाही? माह्याच घरी माही सासू रातच्याले उठून पोरीच्या नाकाशी हात धरते. मले वाटे मीच एकटी धरतो.

बाई खोटं बोलत नाहीत. गुड्डीचे ओठ निळे झाले तवा आमी जीप करून वाशीमले गेलो. बाई न सांगता संगं येऊन बसल्या. अख्ख्या वाटेनं त्याइनं गुड्डीच्या कानात सुतारपाखराची गोष्ट वाचली, अन् गुड्डी "टक टक" करत राह्यली. दवाखान्याच्या बाकड्यावर मी बाईचा पदर धरला. म्हटलं, "बाई, माही पोरगी वाचन का?"

दुसरं कोनी असतं तर हो म्हनलं असतं. बाई म्हनल्या, "ते पान माह्यापाशी नाही बेटा. पन त्या पानापर्यंत मी तुह्यासंगं येईन."

तवा मले राग आला होता. आता तेच धरून हावो मी.

दोन वर्सं मी 'वा' असलेलीच पुस्तकं नेली. पंधरा दिवसामांगं पहिल्यांदा 'वा' नसलेलं नेलं. बाईनं रजिस्टरात लिवलं अन् देल्लं. अर्ध्यावर हाये. उशाशी पडलं हाये.

पोळा झाला का गुड्डीले नागपूरले ऑपरेशनसाठी न्यायचं हाये. बाईच्या पंच्याहत्तरीसाठी निंगनारा हा गौरवाचा ग्रंथ त्याच्या आधी छापून येईन. बाकीच्याइनं आपले लेख बराबर पूर्न केले असतीन. माह्याले शेवट नाही, मले तो ठाऊक नाही.

म्हून मी सचिवाले सांगतलं, माह्या लेखाच्या खाली जागा कोरी सोडा. बाई, तुमचे डोळे चांगले राहो, गुडघे चालत राहो, पेन्सिल हातातून सुटू नये. नागपूरहून वापस आल्यावर त्या जागेवर मी नाही लिवनार, तुमालेच लिवा लागन. म्हून तुमी वाचा, बाई. लय वर्सं वाचा.