धम्मशीलाच्या स्क्रिप्टमधला चार

संशय घेण्यात धाड गावात धम्मशीलाचा हात धरणारं कोणी नाही. भाजी घेईल तर वजन दोनदा करून घेईल. घराला कुलूप लावेल, चार पावलं जाईल आणि परत येऊन ते ओढून पाहील. आणि अशी बाई फसली ती आपल्याच लिखाणाला.

शेळ्यांच्या लसी ठेवणाऱ्या एका संस्थेत ती कॉम्प्युटर ऑपरेटर. लसींच्या थंड खोलीत एक सेन्सर आहे. कॉम्प्युटर दर तासाला कमांड देऊन त्याला तापमान विचारतो, उत्तराची एक ओळ येते, त्या ओळीतला पहिला आकडा उचलून फायलीत टाकायचा, एवढीच तिची पायथन स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम. स्वतः शिकून लिहिलेली, म्हणून भारी कौतुक.

खोली सांभाळतात कय्यूमचाचा, अकरा वर्षं झाली. आत सुतळीला टांगलेलं काचेचं थर्मामीटर चष्मा लावून वाचायचं, वहीत लिहायचं, खाली धम्मशीलाची सही घ्यायची, हा त्यांचा रोजचा नेम. तीन दिवसांपासून वहीत नऊ अंश, फायलीत चार; लसीला तर आठच्या वर चालत नाही. धम्मशीलानं सही केलीच नाही. म्हातारा दार उघडं टाकतो, नाहीतर खोटं लिहितो, अशी तिनं मॅनेजर शंकररावांकडे तक्रार केली. सोमवारी चाचांना काढायचं ठरलं.

चाचांच्या कानावर ते गेलंच.

"ताई, मी दार उघडलं तरी तुमचा चार हालत नाही," ते म्हणाले. "माणसाचा ताप बी वरखाली होते. याचा काऊन होत नाही?"

"तुम्ही मले शिकवता काय?" ती फणकारली. म्हाताऱ्याचं तोंड बंद करायचं म्हणून तिनं त्यांच्यादेखत ती कमांड हातानं चालवली.

ओळ आली. 'सेन्सर सापडत नाही, ४ वेळा विचारलं.'

धम्मशीलानं ती तीनदा वाचली. तापमान नव्हतंच त्यात. स्क्रिप्टनं मात्र पहिला आकडा इमानदारीनं उचलला होता, तीन दिवस, दर तासाला. दोघांनी खोली तपासली. उंदरानं सेन्सरची वायर आणि दाराचं रबर, दोन्ही कुरतडलं होतं.

तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. तिथूनच तिनं शंकररावांना फोन लावला. "साहेब, लस वाटू नका, खराब झाली असंल. चाचांची वही खरी हाय. चूक माही हाय, त्याईले काढू नका."

पलीकडून बरंच काही ऐकावं लागलं.

मग वही ओढून तिनं तीन दिवसांच्या मोकळ्या जागांवर सह्या केल्या. "चाचा, माफ करा मले."

"हाव," चाचा म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि वही उजेडात धरून तिन्ही सह्या एकेक करून तपासल्या.