आमच्या व्याह्यांची ऑनलाइन ओसरी

आमच्या व्याह्यांपेक्षा निवांत माणूस बीदर जिल्ह्यात दुसरा असलाच, तर तो झोपलेला असेल. मी यादी करून जगणारी बाई. पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते आणि किराण्यापासून बारशापर्यंत काहीही कागदावर उतरवल्याशिवाय हात लावत नाही. आणि लेक दिली ती संतपूरच्या अशा घरी, जिथले सासरे चहा पुरता गार झाला की "आता कळंल चव" म्हणून पहिला घोट घेतात. एकदा ते कमलनगरला बियाणं आणायला गेले, जीपमधल्या अनोळखी माणसाशी बोलण्यात रंगले, त्याच्याच गावी उतरले, जेवले आणि तिन्हीसांजेला त्याच्या झाडाची सीताफळं घेऊन परतले. बियाण्याचं विचारलं तर म्हणाले, "बियाणं उद्याबी मिळतंय. असला माणूस मिळंल का?"

अशा माणसाने इंटरनेटवर चर्चेचं संकेतस्थळ चालवावं, हे ऐकून मी आधी हसले होते. नाव ठेवलं 'ओसरी'. आसपासच्या गावांतली, पुण्याला नि हैदराबादला पांगलेली मंडळी तिथे जमतात. सोयाबीन पिवळं का पडलं, कुणाच्या पोरीचं जमलं, अंबाडीत लसूण किती घालायचा, असं सगळं मराठीत सुरू होतं, मधेच कानडीत शिरतं आणि दखनीत एखादा टोमणा खाऊन परत येतं. दुपारी अंगणातल्या बाजेवर आडवे होऊन व्याही ते वाचतात. वाचता वाचता डोळे मिटतात, तरी ओठ हलत असतात. झोपेतही ते कुणाला तरी "व्हय, व्हय" म्हणत असावेत. "व्हॉट्सअॅपवर गट करा की अण्णा," मी एकदा सुचवलं. ते म्हणाले, "तिथं सकाळचं बोलणं दुपारी कुठं वाहून जातंय, सापडत न्हाई. ओसरीवर माणूस बसून ऱ्हातंय."

बसून राहणं मात्र खरंच फार होतं. पोस्ट लिहून बटण दाबलं की गोल चाक फिरत राही. लोक दूध तापवून येत, तरी चाक फिरतच असे. हैदराबादच्या एका अक्कांनी शेंगोळ्यांची कृती टाकली आणि जात नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबलं. शेवटी एकाखाली एक शेंगोळेच शेंगोळे. त्याखाली कुणीतरी लिहिलं, "अक्का, किती वाढायलाव? पोट फुटंल की!" मजकूर जरा लांबला, तर पांढरं पान येई आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ: मेमरी संपली. व्याह्यांना त्याचं काही नाही. "थकलंय बिचारं. दम खाऊ द्या त्याला."

पण सर्व्हर भाड्याने देणारी कंपनी दम खाऊ देईना. महिनाअखेरपर्यंत भार कमी करा, नाहीतर जागा बंद, असं तिने कळवलं. सासऱ्यांना मामा म्हणणाऱ्या लेकीचा फोन आला, "आई, मामा नीट जेवनात. तू ये."

गेले. अंगणात सोयाबीन वाळत पसरलं होतं. ऊन असं मऊ, की बाजेवरच्या लॅपटॉपलाही डुलकी लागावी. मी कामांची यादी मांडली आणि एकेक उरकत गेले. फोटो लहान केले, जुनी अडगळ काढली. फरक जेमतेम. मग खरं कारण हाती लागलं. कुणी पोस्ट टाकली, की यंत्र ती आधी प्रत्येक सभासदाला नावानिशी ईमेलने धाडायचं, तीही त्या विषयावरच्या पहिल्यापासूनच्या सगळ्या बोलण्यासकट. सगळी पत्रं एकदम जुळवायची, सगळी रवाना करायची आणि मगच पोस्ट पानावर दाखवायची. यंत्राची मेमरी संपणार नाही तर काय!

"अण्णा, हे असं कुणी केलं?"

"मीच करून घेटलो. आमच्यात घरोघर आवतण गेल्याबिगर पानं वाढत न्हाईत, विहीणबाई."

"अहो, हे जेवण न्हाई. हे बंद करू."

"करू नका," ते म्हणाले. एवढ्या पटकन बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मग थांबत थांबत सांगितलं. खजुरी गावचा एक मित्र, कलबुर्गीच्या वसतिगृहातला. दोघांचं ताट एक, चपलाही एकमेकांच्या पायात. आमच्या मुलांच्या लग्नाचं आवतण द्यायला व्याही अक्षता घेऊन त्याच्या घरी जाणार होते. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले आणि शेवटी पत्रिकेचा फोटो फोनवर धाडला. मित्राचा फोन आला, "मी काय गिऱ्हाईक हाय का, जाहिरात धाडायला?" तो लग्नाला आला नाही. नंतर फोनही उचलेना. तेव्हापासून ओसरीवर हा नियम. सभासदांत मित्राचं नाव व्याह्यांनीच घातलेलं. तिथलं प्रत्येक बोलणं त्याला नावानिशी जायचं. उत्तर कधीच नाही.

"आवतण बंद केलं, तर त्याला वाटंल, परत इसरलो."

लेकीने आणलेला चहा मी गार होऊ दिला. मग म्हटलं, "बंद न्हाई करत. पोस्ट आधी पानावर जाईल. आवतणं मागून, थोडी थोडी, पण एकबी घर चुकणार न्हाई. आणि संगं जुनं सगळं बोलणं न्यायचं न्हाई, नुसतं नवं."

"आधी पानं, मागून आवतण? उलटंच की वो."

"महिनाअखेरीला ओसरीच गेली, तर आवतण कशाचं देणार?"

ते उठून सोयाबीनवर उतरलेल्या चिमण्या हाकलून आले. मग मान हलवली.

मी बदल केला, चाचणीची ओळ टाकली. ती लगेच उमटली. हैदराबादच्या अक्कांनी लिहिलं, "आज काय झालंय? बटण दाबताच गेलं की, भ्याच वाटायलंय!" त्याखाली मंडळी भराभरा जमली. उन्हं कलता कलता त्या गर्दीत एक नवं नाव दिसलं. खजुरीचं.

"लई येळा लिहिलं तुला. लांबलचक लिहायचो नि पांढरं पान यायचं. वाटलं, तूच दार लावून घेटलास."

व्याह्यांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग एका बोटाने लिहायला बसले. लिहीत, खोडत, अंगणापलीकडच्या तुरीकडे बघत बसत. माझी नात सोयाबीनमध्ये रांगत जाऊन मूठ भरून आली, तिला मी झाडलं, पुसलं, तरी त्यांचं चाललेलंच. शेवटी सगळं खोडून एकच ओळ ठेवली:

"उद्या येतो, अक्षता घिऊन."

बटण दाबताच ओळ उमटली. व्याही दचकले. पडद्यावर बोट तसंच धरून हळू म्हणाले,

"इतकं सोपं व्हतं व्हय."