लाल तारेला जोडलेला टाक

हे मी आजवर कोणापाशी उच्चारलेले नाही — देवापुढेही नाही. नित्य संध्या करणारा मनुष्य देवापासून काही लपवू शकतो का? मी मात्र तसा प्रयत्न केला.

चौसाळ्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि गावात पूजा सांगत असे. शेजारच्या गंगाकाकूंच्या देव्हाऱ्यात देवीचा टाक होता — तांब्याच्या पातळ पत्र्यावर उठवलेली मूर्ती. "आईचं तोंड दिसंना गेलंय, काई तरी करा," असा निरोप देऊन त्यांनी तो सुनेच्या हाती माझ्याकडे पाठवला. त्याच सुमारास दहावीच्या वर्गात मी विद्युत अपघटनाचा प्रयोग पाहिला होता. मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेल्या किल्लीवर तांबे चढले होते. मला मागच्या बाकावर पाहून विज्ञानाचे सर म्हणाले, "गुरुजी, यंदा दहावीला बसताय का काय?" मुले हसली. त्यानंतर काही विचारणे मला कमीपणाचे वाटले.

बॅटरी मागून आणली. द्रावणात एकीकडे तांब्याची पट्टी, दुसरीकडे टाक. तारा दोन — एक काळी, एक लाल. देवीला काळी तार कशी जोडावी? कुंकवाच्या रंगाची जोडली, नमस्कार केला आणि शाळेत गेलो. लाल तार धन टोकाची असते. त्या टोकाचे तांबे झिजते आणि समोरच्या पट्टीवर जाऊन बसते. परतलो तेव्हा पट्टी जाड झाली होती. देवीच्या मुखाच्या जागी भोके होती.

येथवर अज्ञान होते. पुढचे — नाही.

"कावून असं झालं, गुरुजी? आमचं काय चुकलं?" टाक पाहून काकू रडू लागल्या. मी शांतपणे म्हणालो, "विटाळाचा हात लागला असावा."

सून, सुमन, दाराशीच उभी होती. "मी आंघोळ करूनच हात लावलता, गुरुजी." मी तिच्याकडे पाहिले नाही. "शास्त्र आहे," एवढेच म्हणालो. कोणते शास्त्र?

त्या दिवसापासून सुमनला देव्हारा बंद झाला. काकू जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिला अडवणारे घरात कोणी उरलेले नाही. तरी नवरात्रात मी पूजेला गेलो की ती फुलांची परडी उंबऱ्यावर ठेवते, दोन पावले मागे सरते आणि हात जोडते.

मी परडी आत घेतो आणि पूजा सुरू करतो.