रानतुळशीचं तेल

शाहपुऱ्याच्या बाजारात बिया विकणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुडी बांधण्याआधी तो चिमूटभर बी तळहातावर घेऊन हुंगतो, एवढं मात्र पक्कं लक्षात आहे.

त्याच्याकडचं टोमॅटोचं बी दोनदा पेरलं, दोन्ही वेळा उगवलं नाही. मी मातीची कुंडीच उचलून नेली आणि भर बाजारात त्याच्यापुढे आदळली. "सड़ा बीज बेचते हो! शर्म नहीं आती?" गिऱ्हाईकं थबकून बघायला लागली.

त्याने कुंडीतली माती चिमटीत घेतली, हुंगली, माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कभी-कभी बीज ख़राब निकल आता है, बहनजी." नवी पुडी हातात देताना वाकून हळूच बोलला, "बनतुलसी का तेल डालती हैं न? उसमें छोटा पौधा नहीं उठता."

मुंग्या येऊ नयेत म्हणून मी पचमढीहून आणलेलं ते रानतुळशीचं तेल पाण्यात घालून रोज कुंडीवर फवारत होते. आणि कॉलेजात मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. उग्र वासाच्या झाडाशेजारी दुसरं रोप का तग धरत नाही, हे मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं.

तेल बंद केलं. आठवड्याभरात नवं बी उगवलं.

मी पुन्हा बाजारात गेले. त्याच्याजवळ कुणी नाही असं बघून म्हणाले, "माफ कीजिए." इतक्या हळू, की त्याने कानाशी हात नेला. "क्या दूँ, बहनजी?"

मी म्हणाले, "मेथी."