माफ करायला रोह्याला

वय वाढलं की माणूस समंजस होतो, असं माझे काका पेणच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत दर वेळी सांगतात. बाकीचे म्हातारे माना डोलावतात. मी एकदा ऐकायला गेले होते, पुन्हा गेले नाही.

याच काकांनी रोह्याच्या आपल्या धाकट्या बहिणीशी, म्हणजे माझ्या आत्याशी, कित्येक वर्षं बोलणं टाकलं होतं. कारण काय, तर तिनं नातवाच्या लग्नाचं आमंत्रण फोनवर केलं, घरी येऊन अक्षत दिली नाही. तिचे गुडघे कामातून गेलेत हे त्यांना ठाऊक होतं. पण मान म्हणजे मान.

गेल्या हिवाळ्यात आत्या न्यूमोनियानं अंथरुणाला खिळली. मी काकांना गाडीत घातलं आणि निघाले. नागोठणं येईपर्यंत ते मला क्षमेचं महत्त्व समजावत होते.

आपला दादा दारात दिसला तसे आत्याचे डोळे भरून आले. काका खुर्चीत नीट बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "तू फोनवर बोलावलंस गो, तरी मी मनात काय ठेवलं नाय. तुला माफ केलंय."



"ह्ये सांगायला आलास व्हय?" एवढं म्हणून आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली.

परतताना कोलाडला काकांनी मिसळ मागवली. आजारपणात माणूस चिडचिडा होतो, असं निदान त्यांनी खाता खाता करून टाकलं. आपलं काही चुकलं असेल, ही शंका त्यांच्या आसपासही फिरकली नाही. जन्मभर स्वतःबरोबर राहून या माणसाची स्वतःशी ओळखसुद्धा झाली नव्हती.

आत्या बरी झाली. निदान ती तरी शहाणी, असं मला वाटलं होतं. पण भाऊ रिकाम्या हातानं आला, हे तिनं आळीभर सांगितलं. मोसंब्यांची पिशवी मी तिच्या सुनेकडे दिली होती, याची आठवण करून दिली तर म्हणाली, "ती तू आणलीस. त्यानं नाय."

मग दोघंही मला फोन करायला लागले. तब्येतीची चौकशी नाही. "तो माझ्याबद्दल काय बोलला?" "ती माझ्याबद्दल काय बोलली?" एवढंच. शेवटी मी त्यांना एकमेकांचे नंबर पाठवले आणि दोघांचेही फोन घेणं बंद केलं.