जुना सायलेन्सर

चितेगावच्या त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वडिलांच्या मोसंबीच्या बागेतल्या जुन्या, छोट्या ट्रॅक्टरला दुसरं इंजिन बसवायचं होतं. वडिलांची नजर गेलीय, हे मी सहज बोलून गेलो. जुनं इंजिन काढण्याआधी त्यानं ते चालू करायला लावलं आणि बॉनेटवर तळहात ठेवून, डोळे मिटून ऐकत राहिला. दुसरं बसवल्यावर मात्र मी आणलेला नवा सायलेन्सर बाजूला सारून त्यानं जुना, गंजकाच चढवला.

मी चिडलो. "अहो, नवा आणलाय ना!"

"ऱ्हाऊ द्या भाऊ. वडलांना आवाज वळखू आला पायजे."

इतकी वर्षं तो आवाज ऐकूनही मला हे सुचलं नव्हतं.

घरी पोचलो तर वडील ओसरीवरूनच म्हणाले, "आला का आपला ट्रॅक्टर?"

इंजिन बदललंय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.