गाणं पोचलं, दवंडी नाही

नगरहून निघालो तेव्हा मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना नवेकोरे स्पीकर होते आणि मी नवरदेवासारखा ताठ बसलो होतो. बहात्तरचा दुष्काळ. कचेरीत स्वतःची मोटरसायकल असलेला कारकून मी एकटाच, म्हणून दवंडीचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. स्पीकर मात्र मीच निवडले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांच्यावर चिडणार आहे त्यांत पहिला मीच आहे.

कापडबाजारामागचे दुकानदार रफीकभाई म्हणाले होते, "साहेब, कर्णा घ्या. मोकळ्या रानात बोलायचं तर कर्णाच पाहिजे. ही खोकी घरात गाणी ऐकायला."

"कर्णा फार कर्कश वाजतो हो."

"मग? लोकांना झोपवायचंय का तुम्हाला?"

मी हसलो आणि खोकीच घेतली. त्यांनी मागे लोखंडी पट्ट्यांची चौकट बसवली, हादऱ्यांसाठी ट्यूबचे तुकडे घातले, कॅरिअरवर बॅटरी आणि अॅम्प्लिफायर बांधला. काम चोख होतं.

इमामपूरचा घाट ओलांडला तशी दोन्हीकडे नुसती भाजलेली ढेकळं. घोडेगावच्या बाजारात बैलांच्या बरगड्या लांबूनच मोजता येत होत्या. तिथे मिलोची (परदेशातून आलेली लाल ज्वारी) भाकरी आणि ठेचा खाल्ला. "चावा जपून," हॉटेलवाला म्हणाला, "दात सरकार देत न्हाई."

चारच्या सुमारास नेवाशाच्या अलीकडच्या त्या गावात पोचलो. पारापाशी ट्रान्झिस्टरसमोर माइक धरून गाणी लावली. माणसं जमली. मग हुकूम वाचला: पाझर तलावाच्या कामासाठी उद्या दुपारी बारापर्यंत नावं नोंदवावीत.

गावचा कोतवाल (दवंडी देणारा गावकामगार) तात्या हलगी बाजूला ठेवून बसला होता. "सायबांचा निरोप आला, गाडी येनार हाय, तू हिंडू नगं. न्हाईतर मी दर वस्तीला जातो. दाराम्होरं उभा ऱ्हातो. घरातली बाई 'व्हय, ऐकलं' म्हनल्याबिगर हलत न्हाई."

"आता ती गरज नाही, तात्या."

गाडीवाटेने दोन फेऱ्या मारल्या. वस्त्या आत, शेतांपलीकडे. तिकडे चाक वळवलं नाही. मग चावडीत बसून अहवाल लिहिला, 'सर्व वस्त्यांवर दवंडी पोचली', आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी पाझर तलावाच्या कामावर गेलो. एक वाजता मळ्याच्या वस्तीवरच्या अकरा बायका टिकाव-पाट्या घेऊन आल्या. मुकादमाने यादी मिटली होती.

"दवंडी दिली होती," तो म्हणाला.

"कवा?" पुढची म्हातारी, गंगूबाई, विचारती झाली.

"काल. हे काय, देणारेच उभे आहेत."

तिने मला न्याहाळलं. "तुमचीच व्हय ती गाडी? गाणं आलं हुतं कानावर. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात आसंल म्हनलं. आमाला काय करायचाय सिनेमा?" मागच्या एकदोघी हसल्या. "आता तुमीच सांगा यास्नी, दादा. बोलनं आलंच न्हाई वस्तीवर."

मुकादमाने मला विचारलं, "पोचली होती का वस्तीवर?" त्याच्या हातात माझाच अहवाल. 'खरं आहे, पोचली नाही', एवढंच म्हणायचं होतं. यादी पुन्हा उघडली असती.

मी म्हणालो, "दवंडी दिली होती."

गंगूबाई वळली. पाटी डोक्यावर घेतली आणि सगळ्या सात मैलांवरच्या दुसऱ्या कामाकडे निघाल्या. तिथे जागा असेल की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं.

ज्या कचेरीने तात्याचे पाय थांबवले तिचा मला राग येतो. ऐकू न आल्याची शिक्षा ऐकणाऱ्याला देणाऱ्या त्या यादीचा येतो. पण साहेबांनी कागदावर 'पोचली' लिहिलं नव्हतं, आणि मुकादमाने मला निदान विचारलं तरी होतं.

परतताना त्या अकराजणी वाटेत दिसल्या. हॉर्न ऐकून कडेला सरल्या, गाडीला वाट दिली. मी वेग कमी केला नाही.

घरी बायकोने विचारलं, "झालं का नीट?"

"सगळीकडे पोचलं," मी म्हणालो, आणि हातपाय धुवायला गेलो.